डब्यावर छापलेलं वायफाय

माझ्या अंगातली एक जागा रिकामी आहे हे ज्या दिवशी घरात कळलं, त्या दिवशी आतल्या खोलीतला पलंग उचलून नेलेला होता. फरशीवर त्याच्या पायांचे डाग तेवढे उरले होते. मित्रांनो, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणी आशा लावून बसू नये.

मी एक जुना मदरबोर्ड आहे. कॉम्प्युटरच्या पेटीत जी काळी पाटी उभी असते आणि जिच्यावर बाकीचे सगळे भाग येऊन बसतात, ती पाटी म्हणजे मी. कारखान्यात आम्ही भाऊ भाऊ एकाच पट्ट्यावरून पुढे सरकत होतो. एका ठिकाणी काही भावांच्या अंगात बोटाच्या पेराएवढं कार्ड बसवलं गेलं. ते कार्ड वायरशिवाय इंटरनेट पकडतं. माझ्या अंगात ते बसवलं नाही. त्याची खाच होती, पक्कं करायचा स्क्रू होता, वरून पत्र्याचं झाकणही लावलं. फक्त कार्ड नव्हतं. त्याचं मला काही वाटलं नाही. कार्डाशिवायही बोर्ड चांगला चालतो. पण मला ज्या डब्यात घातलं, त्याच्यावर वायफायची खूण छापलेली होती.

मला विकत घेणारे गृहस्थ नोकरीतून निवृत्त झालेले होते. सगळं आयुष्य त्यांनी डबे छापायच्या कारखान्यात काढलं होतं. औषधांचे डबे, साबणाचे, दिव्यांचे. छापलेला नमुना तपासायचा आणि बरोबर असेल तरच मशीन पुढे चालवू द्यायची, हे त्यांचं काम. दुकानात त्यांनी माझ्या डब्याच्या कडा पाहिल्या, रंगावरून अंगठा फिरवला, म्हणाले, "छपाई स्वच्छ आहे." मग वायफायची खूण पाहिली आणि मला घेतलं.

घरात त्यांची बायको आजारी होती. आतल्या खोलीतल्या पलंगावरून तिला फारसं उठता येत नव्हतं. मुलगी दूर गावी, तिला नुकतीच मुलगी झालेली. आजीला नात बघायची होती, पण डोळे अधू झाले होते.

"मोबाइलमध्ये मला कपाळ आणि हनुवटी सारखीच दिसते," ती म्हणायची. "नातीशी बोलते की तिच्या गुडघ्याशी, देव जाणे."

म्हणून तिच्या पायाशी टेबल मांडलं, त्यावर मोठा पडदा ठेवला आणि खाली पेटीत मी. इंटरनेटचं यंत्र बाहेरच्या खोलीत होतं. मधे भिंत आणि दार. म्हणूनच वायफाय हवं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मोबाइलमधले नातीचे फोटो माझ्यात घेतले आणि पडद्यावर लावले. ती कोपरावर टेकून बराच वेळ बघत राहिली.

"अहो, कान माझे आहेत."

"आणि नाक?"

"नाक तुमचं. चालायचंच."

ते हसले. माझ्या कौतुकाचा दिवस तो एवढाच. मग ती म्हणाली, "फोटो माझ्याकडे बघून हसत नाही हो. बोलताना दाखवा तिला."

त्यांनी वायफाय शोधलं. मी सांगितलं, नाही. पुन्हा शोधलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मित्रांनो, मी एकदाही खोटं बोललो नाही. यंत्रांच्या यादीत ते नाव मी कधीच दाखवलं नाही. पण मी खरं सांगतो आहे, असं कुणाच्या मनात आलं नाही. सगळ्यांना वाटलं, मी बिघडलो आहे.

दुकानदार फोनवर म्हणाला, "काका, ड्रायव्हर टाका. त्याशिवाय नाही चालायचं."

त्यांनी डब्यातली सीडी घालून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, टाकला. काढला. परत टाकला. पलंगावरून आवाज आला, "काय म्हणतो तो?"

"ड्रायव्हर बसत नाही म्हणतो."

"गाडी तरी आहे का आत, ते बघा आधी."

ती थट्टा करत होती. पण त्या घरात खरं बोलणारे आम्ही दोघंच होतो, आणि दोघांचंही कुणी ऐकलं नाही.

मग त्यांनी माझ्या सेटिंगमध्ये डोकं घातलं. तिथे वायफायपुढे 'चालू' असं लिहिलेलं होतं. ती ओळ आम्हा सगळ्या भावांत सारखीच असते, कार्ड असो वा नसो. त्यांना धीर आला. त्यांनी मला पार पुसून सगळं नव्याने भरलं. त्यात नातीचे फोटोही गेले. ते पुन्हा भरायला त्यांना सवड झाली नाही.

गल्लीतला दुरुस्तीवाला येऊन गेला. तो म्हणाला, "काका, बाहेरून लावायचं बोटाएवढं वायफाय मिळतं. ते खोचा आणि मोकळे व्हा."

"बाहेरून कशाला? डब्यावर छापलंय, म्हणजे आत आहे."

"अहो, छापतात काहीही."

"मी आयुष्यभर डबेच छापलेत," ते म्हणाले. "काहीही छापत नाहीत."

दुरुस्तीवाला चहाही न घेता गेला.

ती म्हणाली, "वायर ओढा ना सरळ. दारातून."

"तू अडखळशील."

"मी? मी कुठे निघालेय आता?"

ते डबा घेऊन पुन्हा वाचायला बसले. डब्यावरच्या चित्रात दोन अँटेना होत्या, आणि आतल्या सामानात नव्हत्या. त्यांना वाटलं, सापडलं. त्यांनी कंपनीला कळवलं. कंपनीने गोड उत्तर दिलं, अँटेना पाठवतो म्हणाली.

मुलगी फोनवर सांगत होती, "बाबा, आईला दात दाखवायचाय हिचा. पहिला आलाय. फोटो पाठवलाय, दाखवा तिला."

"पार्सल निघालंय. मोठ्या पडद्यावर दाखवू."

पलंगावरून ती म्हणाली, "दात पडून दुसरे येतील तोवर."

नंतर नंतर तिचं बोलणं कमी झालं. पडद्याकडे तोंड करून ती पडून असायची. पडदा काळा असायचा. मी चालू होतो, पंखा फिरत होता, दाखवायला काही नव्हतं.

पार्सल आलं तेव्हा पलंग रिकामा झाला होता. अनेक दिवस ते तसंच पडून राहिलं. मग एका सकाळी त्यांनी अँटेना काढल्या आणि माझ्या पाठीच्या भोकांत फिरवून बघितल्या. त्या फिरतच राहिल्या. पलीकडे धरायला काही नव्हतं. त्यांनी पेटी उघडली, पत्र्याचं झाकण काढलं. आत खाच आणि स्क्रू.

ते फरशीवर, पलंगाच्या डागांपाशी बसले. डबा मांडीवर घेतला.

"पट्टी लावायची राहिली," ते म्हणाले.

त्यांच्या कारखान्यातही असंच करत. दोन मालांना एकच डबा छापायचा, आणि ज्या मालात एखादी गोष्ट नसेल, तिच्या खुणेवर पांढरी पट्टी चिकटवायची. पट्टी चिकटवणाऱ्या बायका त्यांच्याच टेबलासमोर बसत. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी मान्य केलं नाही, एवढंच.

मित्रांनो, यंत्र सांभाळा, पुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं सांगतो. यंत्र 'नाही' म्हणालं तर आधी झाकण उघडून बघा. आणि घरात कुणी आजारी असेल तर डब्याशी भांडत बसू नका. वायर ओढा. दिसायला वाईट दिसेल, दिसू दे.

आता माझ्यावर चादर टाकलेली आहे. माझ्या खाचेत कार्ड अजून बसवलेलं नाही. नातीचे फोटो पुन्हा भरलेले नाहीत. आणि आईने दात पाहिला नाही, हे मुलीला अजून सांगायचं आहे.