लीजवरच्या घरातली आत्या

कुसाआत्याचा फोन आला तेव्हा अश्विन वाल्मीक एजंटच्याच ऑफिसात बसला होता. आता याला काय म्हणावं? जिच्या घरावर डोळा ठेवून बसलोय, नेमका तिचाच फोन वाजावा!

"हां, बोल आत्या," तो म्हणाला. समोर बसलेल्या वाल्मीकनं कान टवकारले.

"अरे, कॉलनीत समदे घरं नावावर करून घेऊन राह्यले. माझं बी करून टाकू म्हंते. साहेब म्हणला, पुंजारामचा वारस आणा, त्याची सही लागती. सोमवारी येशील ना रे? रजा टाकावी लागंल तुला."

"येतो ना, त्यात काय."

"ये मग. तुझ्याबिगर कोणे मला."

अश्विननं फोन खिशात घातला. मानेला घाम सुटला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

खरं सांगायचं तर कुसाबाई अश्विनची कुणीच लागत नव्हती. त्याचा बाप पुंजाराम कंपनीत कामाला होता. त्याला महामंडळाच्या कॉलनीत एक छोटं घर मिळालं. जमीन महामंडळाची, नव्व्याण्णव वर्षांच्या लीजवर. राहा खुशाल, पण परवानगीशिवाय विकायचं नाही. नियम नियमाच्या जागी, पण गरज नियमाला विचारून येते होय? पुंजारामची आई आजारी पडली, दवाखाना मागे लागला, आणि त्यानं ते घर कुसाबाईला विकलं. दिंडोरीकडची शेतकरी घरातली बाई, नवरा नुकताच वारलेला, भाऊबंदकीला कंटाळून शहरात आलेली. नोटरीपुढं करारनामा केला, जोडीला मुखत्यारपत्र दिलं आणि झाला व्यवहार. कॉलनीतली निम्मी घरं अशीच विकली गेली होती. लीज मात्र पुंजारामच्याच नावावर राहिलं.

आणि मग सुरू झाली गंमत. महामंडळाची माणसं अधूनमधून तपासणीला यायची. मूळ मालक कुठाय? तुम्ही कोण? विकत घेतलं म्हणावं तर लीजच रद्द व्हायची भीती. म्हणून सगळ्या कॉलनीत नाती उगवली. घर घेणारा एकजण विकणाऱ्याचा मेहुणा झाला, दुसरा साडू झाला. कुसाबाई पुंजारामची बहीण झाली.

"माहेरचं आडनाव?" तपासणीच्या साहेबानं विचारलं.

पुंजाराम बौद्ध, कुसाबाई मराठ्याची. पुंजाराम खाली बघायला लागला. कुसाबाईनं पापणीही न लववता त्याचं आडनाव सांगितलं आणि जबाबाखाली अंगठा उठवला. ही बातमी तिच्या दिरांपर्यंत पोचायला कितीसा वेळ? त्यांनी पुतण्याच्या लग्नाचं आवतण दिलं नाही. कुसाबाई म्हणाली, "नाय तर नाय. घरासाठी भाऊ म्हणले, आता भाऊ तर भाऊ."

त्यानंतर ती खरंच बहिणीसारखी वागायला लागली. दिंडोरीहून कुणी द्राक्षं आणली की निम्मी पुंजारामकडं पोचायची. अश्विनला गोवर निघाला तेव्हा त्याच्या आईबरोबर तीच उशाशी बसून राहिली. त्याच्या लग्नात आत्याच्या मानाची साडी पुंजारामनं तिलाच दिली, आणि ती नेसून ती मांडवभर अशी मिरवली की राखीच्या माहेरच्यांना आजही ती सख्खी आत्याच वाटते. खोट्याचं खरं कधी झालं, कुणाला कळलंही नाही.

पुंजाराम दोन वर्षांपूर्वी गेला. अश्विनची आई त्याच्याही आधी गेलेली. अश्विन एकुलता एक. द्वारका चौकाजवळ भाड्याच्या दोन खोल्या, घरमालक रोज "कधी सोडताय?" विचारणारा, आणि राखीला सातवा महिना. अशा वेळी वाल्मीक भेटला. घरं, प्लॉट, जुनी लीजं, सगळ्यांत हात असलेला एजंट. त्यानं कॉलनीतल्या घराचे आजचे भाव सांगितले आणि अश्विनच्या डोक्यात किडा सोडून दिला.

"मुखत्यारपत्र तुमच्या वडिलांनी दिलेलं ना? माणूस गेला की ते गेलं," फोन झाल्यावर वाल्मीक म्हणाला. "करार रजिस्टर नाही. लीज वडिलांच्या नावावर. वारस तुम्ही एकटे."

"पण पैसे दिलेत तिनं."

"दिले असतील. आता ते कोण सांगणार? वडील नाहीत. महामंडळाच्या फायलीत बाईचा स्वतःचा जबाब आहे, की मी मालकाची बहीण, भावाच्या घरात राहते. अहो, सख्खी बहीण असली तरी मुलगा असताना तिला काडीचा हक्क नाही. तुम्ही खोटं बोलूच नका. कोण ही बाई, असं साहेबानं विचारलं की म्हणा, आत्या. नाहीतर नुसतं गप्प बसा. बाकीचं मी बघतो."

अश्विन घरी आला. राखीनं भाकरी वाढली. आत्याला सोमवारी सोबत नेतोय, एवढंच त्यानं सांगितलं.

"बरं झालं," राखी म्हणाली. "म्हातारीचं एकदा नावावर झालं म्हणजे ती सुटली. किती जीव आहे तिचा तुझ्यावर."

त्यानं ताट बाजूला सारलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक त्यानं पाहिले होते, त्यांना शिव्याही घातल्या होत्या. आपण त्यातलेच निघू असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं. आणि तरी, खोटं कशाला बोला, राखीच्या पोटाकडं बघून त्याला वाल्मीकचं बोलणं पटतही होतं. आत्या म्हातारी आहे. तिला बाहेर थोडंच काढणार? आपल्यातच राहील. असं काहीबाही तो स्वतःला सांगत राहिला. स्वतःला लाज वाटू नये म्हणून माणूस काय काय सांगतो!

सोमवारी कुसाबाई त्याच्याआधी येऊन महामंडळाच्या ऑफिसच्या दारात उभी. धुवट लुगडं, हातात पिशवी. पिशवीत त्याच्यासाठी डबा. "सकाळी काय खाल्लं नसंल तू," म्हणाली. मग त्याच्या कानाशी लागून हळूच बोलली, "अश्विन, साहेबानं विचारलं तर मी बहीणच सांगणार हां. विकत घेतलं म्हणलं अन् घर काढून घेतलं तर? तुझ्या बापानं बजावलं व्हतं मला, मरस्तोवर बहीणच सांग."

तिला वाटत होतं, हे खोटंच आपलं घर राखतंय. त्याला ठाऊक होतं, त्या खोट्यानंच ते जाणार आहे. तो तिच्यामागून आत गेला.

साहेब माणूस बरा होता. फाईल उघडली, जुना जबाब वाचला, चष्मा वर केला.

"आजी, इथं लिहिलंय तुम्ही पुंजारामच्या बहीण. त्यांच्या परवानगीनं घरात राहता. बरोबर?"

"व्हय साहेब. सख्खी."

"मग आजी, हे घर तुमच्या नावावर कसं होणार? वारस तर मुलगा. नोंद त्याचीच लागेल." साहेबानं अश्विनकडं पाहिलं. "काय हो? या तुमच्या आत्याच ना? एकदा तुमचंही म्हणणं नोंदवून घेतो, म्हणजे विषय संपला."

कुसाबाईला काही समजलं नाही. तिनं अश्विनकडं पाहून मान हलवली. सांग ना, सांग, आत्याच म्हणून सांग. जन्मभर त्याच्यावर टाकला तोच विश्वास तिच्या तोंडावर होता. एक शब्द, आणि तोही तिच्याच मर्जीचा. बोलायचीही गरज नव्हती. गप्प बसलं तरी भागत होतं.

"नाही," अश्विन म्हणाला.

"काय नाही?"

"आत्या नाहीत त्या." त्याचा आवाज नको तेवढा मोठा झाला. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. "आमच्या नात्यातल्या नाहीत. जातीतल्याही नाहीत. कुणी लागत नाहीत त्या आमच्या. माझ्या वडिलांनी हे घर त्यांना विकलं, सगळे पैसे घेतले. तो जबाब खोटा आहे, वडिलांनीच द्यायला लावला. माझा यात काही हक्क नाही. कुठं सही करू सांगा."

साहेबानं कोरा कागद पुढं ओढला. "असं लिहून देताय ना? मग दंड आणि हस्तांतरणाची फी भरली की लीज आजींच्या नावावर करता येईल. घाबरू नका आजी, अशी पुष्कळ प्रकरणं येतात."

अश्विननं दाखवतील तिथं सह्या केल्या. त्याला वाटलं होतं, आता तरी छातीवरचा दगड उतरेल. कसलं काय! तो आणखीच जड झाला. कुसाबाईनं निमूटपणे अंगठा दिला आणि पदरानं बोटाची शाई पुसत बाहेर पडली.

बाहेर रस्त्याच्या कडेला दोघं उभी राहिली. घर तिचं झालं होतं, पण तिचा चेहरा घर गमावल्यासारखा पडला होता.

"लोकांसमोर म्हणलास, कुणी लागत नाय," ती म्हणाली. "जातीतली बी नाय म्हणलास. दिरांनी टाकलं तवा मी रडले नव्हते रे."

"तुझ्यासाठीच..." तो म्हणाला आणि अडखळला. तिच्यासाठी कसं, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ‘गप्प बसलो असतो तर घर मला मिळालं असतं,’ असं म्हणावं तर ‘हे तुला कसं ठाऊक?’ असं तिनं विचारलं असतं. मग वाल्मीक आला असता, त्याच्या ऑफिसातला चहा आला असता, आणि ‘येतो ना, त्यात काय’ हेही.

"कागदाचं मला काय कळतंय," ती म्हणाली. "घर झालं, तुझं भलं होवो. पण दोन-तीन महिन्यांनी तुझ्या लेकराचं बारसं असंल. तिथं मी कोण म्हणून येऊ, तेवढं सांग."

‘आत्या म्हणूनच ये,’ एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण त्याच शब्दावर घर लाटायला तो निघाला होता, आणि साहेबाच्या टेबलापुढं बसेपर्यंत त्याची तशी तयारीही होती. कुसाबाई उत्तराची वाट बघत उन्हात उभी राहिली.