आई बसायची थांबली

"आपण दोघी इथून गेलो, दाराला कुलूप लागलं, की ही खुर्ची असते का?" आईने विचारलं.

ताईच्या ओठांत खिळे धरलेले होते. ते हातात काढून घेत ती म्हणाली, "गिऱ्हाईक न्यायला येईपर्यंत असते. मग त्याच्या घरी असते."

"तसं नाही गं. कोणीच बघत नसताना."

"कोणी बघत नसताना तिला वाळवी लागते. ऊठ बरं, तू बसलीयस तेच कापड उसवायचंय मला."

आई हसत उठली आणि जेवणाचा डबा सोडायला लागली. दुपारची ही वेळ दोघींची. जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना नवा फोम आणि नवं कापड चढवायचं हा ताईचा धंदा, वडिलांकडून आलेला. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. गोंदाचा वास, कोपऱ्यात स्प्रिंगांचा ढीग, भिंतीला टेकवलेले कापडाचे गठ्ठे. सोफा उसवला की आतून केसांच्या पिना, कंगवे, पेनांची टोपणं, कधी कुणाची कवळीसुद्धा निघायची. आपण कशावर बसलोय ते माणसाला ठाऊक नसतं, असं ताई गिऱ्हाइकांना हसत सांगायची. धाकट्या भावामुळे ती घरात ताई झाली, मग गल्लीची ताई झाली, आणि कधीतरी आईनेही तिला ताईच म्हणायला सुरुवात केली होती.

आईला हे प्रश्नांचं वेड लागलं त्याला ताईच कारणीभूत होती. शेजारची म्हातारी मैत्रीण मुलाकडे राहायला गेली आणि आईची बोलायची जागाच गेली. दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायची. ताई वाचनालयाच्या खुर्च्या पोचवायला गेली तेव्हा तिथे फळ्यावर लिहिलेलं दिसलं: तत्त्वज्ञानाची तोंडओळख, वयाची अट नाही, दर मंगळवारी. शिवणकामाचा वर्ग असता तरी तिने आईला तिथे धाडलं असतं. घराबाहेर पडली म्हणजे झालं.

आई पहिल्यांदा गेली ती कुरकुरत. परत आली ती गाल लाल करून, शाळेतल्या मुलीसारखी. "अगं, तिथे उत्तरं देतच नाहीत," ती म्हणाली. "नुसते प्रश्न विचारतात. आणि माझा प्रश्न सरांना आवडला." त्यानंतर घरात रोज काहीतरी चाललेलं असायचं. स्वप्न आणि जाग यांत फरक कसा करायचा? काल रागावलेली मी आणि आज हसणारी मी एकच का? ताई तिची टिंगल करायची, पण आतून तिला बरं वाटत होतं. आईचे डोळे पुन्हा चमकायला लागले होते.

मग एका सकाळी ताईला जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पंखा चालू होता, नळाला पाणी आलेलं होतं. थोड्या वेळाने तिला उमगलं. आईची कुजबूज नव्हती.

आई रोज पहाटे खिडकीपाशी बसायची. डोळे मिटून, एकेकाचं नाव घेऊन, त्याच्यासाठी देवाकडे काय मागायचं ते मागायची. घरात त्याला प्रार्थना वगैरे मोठा शब्द नव्हता, नुसतं 'बसणं' म्हणत. आई बसलीय, दंगा करू नका. ताईला कळायला लागल्यापासून ती त्या कुजबुजीत जागी होत आली होती. तिचा स्वतःचा देवावर विश्वास नव्हता. वडील गेले तेव्हाच तो उडाला. पण हे तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि त्याचं तिला काही वाटलंही नाही. घरात एकाने छत्री घेतली की दुसऱ्याने कशाला ओझं वाहायचं, असा तिचा हिशेब होता.

"आज बसली नाहीस?" तिने स्वयंपाकघरात विचारलं.

"नाही."

"बरं नाही का?"

"बरी आहे की." आई कप विसळत होती. "कोणाशी बोलतेय तेच कळेनासं झालं. म्हणून नाही बसले."

ताई हसली. म्हणाली, सरांचा आणखी एखादा वर्ग झाला की चहा आहे की नाही तेही कळेनासं होईल. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशीही ती बसली नाही, आणि त्यानंतरही नाही. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. डबा वेळेवर यायचा, कापडाच्या रंगावरून वाद व्हायचा. सकाळ तेवढी मुकी झाली.

ताईच्या मानेत गाठ आहे हे एका गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, सुई घालून पाहिली, आणि सुईने नक्की कळत नाही, गाठ काढूनच तपासावी लागेल असं सांगितलं. आवाजाची नस तिथूनच जाते. सांभाळून काम करू, पण आवाज बसण्याची शक्यता आहे, हेही सांगितलं. ताई सुया-दाभणांत वाढलेली बाई. सुईची तिला भीती वाटली नाही. 'नक्की कळत नाही' या शब्दांची वाटली.

आईने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. मग ती उठून कामाला लागली. ताईचे कपडे धुऊन त्यांच्या घड्या घातल्या, तिला आवडतं ते रांधलं, भावाला फोन केला. ताई मात्र सकाळची वाट बघत राहिली. आता तरी आई बसेल. पहाटे ती मुद्दाम जागी झाली, पांघरुणातून कान देऊन पडून राहिली. खिडकीशी कोणी नव्हतं. आई तिच्या अंथरुणावर, छताकडे बघत जागी होती.

असं काही दिवस चाललं. शेवटी ताईनेच विषय काढला. दोघी भाजी निवडत होत्या.

"आई, माझ्यासाठी तरी बस ना."

आईचे हात थांबले. "येत नाही गं मला आता."

"येत नाही म्हणजे काय? पोहणं आहे का विसरायला? डोळे मिटायचे आणि बोलायचं."

"डोळे मिटते. समोर कोणी असल्यासारखं वाटतच नाही. नुसतं स्वतःशी बडबडायचं, आणि तेही तुझ्या जिवासाठी? खोटं नाणं देऊन औषध आणल्यासारखं वाटतं मला."

"या वयात हे शहाणपण?"

"तू तरी कधी मानलंस?" आईने शांतपणे विचारलं. "मला काय दिसत नव्हतं?"

"मी नाही मानलं. पण तू मानत होतीस ना. तेवढं पुरत होतं मला."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या खांद्यावर बसून जग बघत होतीस," आई म्हणाली. "सांगायचंस तरी. जपून चालले असते." मग भाजीच्या काड्या गोळा करत ती पुढे बोलली, "तुझ्या बाबांच्या वेळी मी रात्रंदिवस बसले होते. ते गेले. मी म्हटलं, त्याची इच्छा. वाचले असते तर म्हटलं असतं, त्याची कृपा. वर्गात सर म्हणाले, काहीही घडलं तरी जे खोटं ठरूच शकत नाही, ते खरं आहे हे आपण कशावरून म्हणतो? बाकीचे माना डोलवत होते. माझी मान हलेना."

ताई उठून गेली. संध्याकाळी भावाचा फोन आला तेव्हा तिने रागारागाने सगळं सांगितलं. तिला वाटलं तो हसेल. तो दुसऱ्या शहरात मोठ्या कचेरीत होता, असल्या गोष्टींना थारा न देणारा. तो हसला नाही. मग म्हणाला, "परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला फोन का करायचो असं वाटलं तुला? खर्चायला पैसे हवेत म्हणून? तो वर्ग बंद कर ताई. आधी तो वर्ग बंद कर."

मंगळवारी आई गुडघ्यांमुळे गेली नव्हती. ताई गेली. वर्ग सुटला होता. वाचनालयाच्या मागच्या खोलीत सर एकटेच खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते. किरकोळ अंगाचा, निवृत्त झालेला माणूस. स्वेटरची कोपरं विरलेली.

"माझ्या आईला तुम्ही काय शिकवलंत?" दारातूनच ताईने विचारलं आणि आई कोण ते सांगितलं.

सरांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "विश्वास सोडा असं मी कोणालाच सांगत नाही."

"सांगितलं नसेल. विचारलंत ना. तेच केलंत तुम्ही."

"हो," ते म्हणाले. "विचारलं."

ताई भांडायला आली होती आणि समोरचा माणूस भांडेना. तिने त्याला गाठीचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं. सहा वर्षांच्या मुलीसारखा आपला आवाज चिरकतोय हे तिला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. "तुम्हाला काय, विषय आहे तुमचा. तास संपला की फळा पुसायचा."

"बरोबर आहे तुमचं. वर्गात बरीच माणसं येतात. प्रश्न इथेच ठेवून घरी जातात. मीही तेच करतो, खरं सांगायचं तर." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या आई ते घरी नेतात. मागच्या वेळी त्यांनी विचारलं होतं. म्हणाल्या, माझा विश्वास गेलाय, पण माझ्या माणसाला तो हवाय. मग मी कोणाशी खरं वागायचं? माझ्या मनाशी की त्या माणसाशी?"

"मग? काय सांगितलंत?"

"कोणालाच काही सांगता आलं नाही. त्या उभ्या होत्या. आम्ही सगळे खाली बघत होतो. शेवटी त्याच म्हणाल्या, असू दे, पुढे चला."

ताई खोलीतल्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. आई तिथे उभी राहिली असेल, सांधे दुखत असताना, परक्या माणसांत. आपल्याशी भाजी निवडताना ती यातलं एक अक्षर बोलली नव्हती. ताईला आणखी भांडायचं होतं, पण भांडण संपून गेलं होतं. "येते," म्हणून ती निघाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती जागी झाली ती कुजबुजीने. खिडकीपाशी आई बसली होती. डोळे मिटलेले, हात मांडीवर, पूर्वीसारखेच. भावाचं नाव आलं, त्याच्या बायकोचं आलं, मग ताईचं. कितीतरी दिवसांनी हे घर घरासारखं वाटलं. ताई पडून ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिला ते जाणवायला लागलं. पूर्वी आई भांडायची, लाडीगोडी लावायची, मध्येच गप्प बसून कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी करायची. आता शब्द एकापाठोपाठ एक नुसते येत होते. दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवावं तसे. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही आई थांबत नव्हती. उन्हात उभं केलेल्या एखाद्या मुलासारखी ती शिक्षा पुरी करत होती.

ताई उठली. आईच्या खांद्यावर तिने हात ठेवला. "राहू दे आई."

"होत आलंय. थांब."

"राहू दे. चहा टाक आपल्याला. म्हणजे तुझ्यापुरता. मला काही प्यायचं नाहीये आज."

आईने डोळे उघडले. हात पुढे करून ती म्हणाली, "ओढ मला वर. गुडघा धरलाय."

गाठ वाईट नव्हती. ते पुढच्या आठवड्यात कळलं. आवाज मात्र गेला तो पुरता परत आला नाही, घोगराच राहिला. पुढे फोनवर नवी गिऱ्हाइकं ताईला 'अहो साहेब' म्हणायची आणि तीही त्यांना दुरुस्त करायची नाही. साहेबांशी माणसं दरावरून घासाघीस कमी करतात, असं तिचं म्हणणं. आई वर्गाला जात राहिली. खिडकीशी ती पुन्हा बसली नाही. भावाने बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलून पाहिलं, आणि मग तोही निवळला.

पण ऑपरेशनच्या त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. ताई शुद्धीवर आली तेव्हा मानेभोवती पट्टी होती आणि तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर येत होती. पलंगाशेजारी लोखंडी स्टुलावर आई बसली होती. एवढ्या तासांत ती म्हातारी झाल्यासारखी दिसत होती.

"दुखतंय?"

ताईने डोळ्यांनीच हो म्हटलं.

"बोलू नकोस. डॉक्टर म्हणाले, नीट झालं सगळं. बाकी तपासून कळेल." आईने चादर सारखी केली. परत केली. मग खाली मान घालून म्हणाली, "बाहेर बाकावर होते मी. कोणाकडे काही मागितलं नाही. मागायला कोणी नव्हतंच. तुझे बाबा आत होते तेव्हा निदान बोलायला तरी होतं कोणी." ती थांबली. "फार एकटं वाटलं गं ताई."

सलाइनची नळी सांभाळत, कोपरावर जोर देत ताई पलंगाच्या कडेला सरकली. चादरीचं टोक उचलून धरलं.

आईने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या पलंगावरची बाई झोपली होती. आईने चपला काढून पलंगाखाली नीट सरकवल्या, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून आधी वर ठेवला, आणि मग हळूहळू स्वतः आडवी झाली. अरुंद पलंगावर दोघी कुशीला कूस लावून पडल्या. नर्स औषध घेऊन आली, घटकाभर थांबली, आणि ट्रे तसाच घेऊन पडदा ओढून गेली.