मेनेगीनाचा चौथा सूर

सांता आग्नेझेच्या अनाथघरात आडनाव कुणालाच नव्हतं. भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून गेलेलं मूल, त्याला कुठलं आडनाव? स्वयंपाकघरातली ती स्वयंपाकघरातली, लेस विणणारी ती लेसवाली. जिला गळा किंवा हात असे तिला गायनवृंदात घेत, आणि मग तिला तिच्या वाद्याचं नाव मिळे. ऑर्गनची अपोलोनिया, व्हायोलिनची कातीना, आणि गेली पंचेचाळीस वर्षं व्हिओलोनची मेनेगीना.

व्हिओलोन म्हणजे माणसाहून उंच, पोट सुटलेलं, तळाचे सूर धरणारं धूड. उभं राहून, त्याला मिठी मारल्यासारखं वाजवावं लागे. मेनेगीना अंगानं किरकोळ. पण जाळीपलीकडे देवळात बसलेल्या लोकांना ती कधी दिसलीच नव्हती. देवळातल्या वरच्या सज्ज्याला दाट लोखंडी जाळी होती, वृंद तिच्याआड वाजवी. खाली बसलेले लोक आवाजावरून मनात चित्र रंगवत. मेनेगीना धिप्पाड, काळ्याभोर डोळ्यांची बाई आहे, असं निम्म्या व्हेनिसला वाटत असे. ती एकसष्ट वर्षांची होती आणि तिचे पुढचे दोन दात पडले होते.

त्या हिवाळ्यात तिच्या डाव्या हाताच्या बोटांनी संप पुकारला. सकाळी मूठ उघडेना. गरम पोलेंटाच्या, म्हणजे मक्याच्या लापशीच्या, भांड्याला हात लावून ती बोटं सैल करी आणि कुणी पाहिलं की म्हणे, "भूक लागलीय, दुसरं काय!"

पण आंधळं कोण होतं तिथं? वृंदाची प्रमुख अपोलोनिया एक दिवस तिच्याजवळ येऊन बसली.

"मेनेगीना, यंदाच्या सणानंतर घराचे तिन्ही कारभारी सरकार वृंदाची वही उघडणार आहेत. व्हिओलोन ओर्सोलाकडे द्यायचा विचार आहे."

"द्या की! मी काय तो बरोबर थडग्यात नेणार आहे?"

असं म्हणून ती तरातरा जिना उतरून गेली. त्या दुपारी तिनं ओर्सोलाला विनाकारण दोनदा फैलावर घेतलं.

वाद्य जाण्याचं दुःख होतंच. पण खरी कळ निराळी होती. रीत अशी, की वाद्य देताना नावही द्यायचं. वहीत जुनं नाव खोडून कारकून नवं लिही, आणि त्या संध्याकाळपासून जुनी बाई नुसती उरे. घरात मेनेगीना आणखी चार होत्या. एक भांडी घासणारी, एक लंगडी, एक लेसवाली, आणि एक सगळ्यांच्या चहाड्या करणारी. व्हिओलोन गेला की ती पाचवी. सोळाव्या वर्षी 'व्हिओलोनची' हे नाव तिनं म्हाताऱ्या बार्बाराकडून घेतलं होतं. तेव्हा आनंदानं ती अंगणातल्या विहिरीभोवती नाचली होती. त्यानंतर बार्बाराला सगळे 'खिडकीतली' म्हणू लागले, कारण ती दिवसभर खिडकीत बसून असे. तिच्याकडे आपण एकदाही वळून पाहिलं नाही, हे मेनेगीनाला आता आठवायचं.

आणि राग धरायचा तरी कुणावर? ओर्सोला एकोणीस वर्षांची. इतर मुलींच्या गळ्यात आईनं सोडलेलं अर्धं पदक तरी होतं. कधीतरी उरलेलं अर्धं घेऊन कुणी येईल, एवढी आशा. ओर्सोलाच्या दुपट्यात काहीच सापडलं नव्हतं. नवव्या वर्षापासून मेनेगीनानंच तिला घडवलं होतं, रागवून रागवून.

"तळ धरणाऱ्यानं नाचायचं नसतं गं! वरच्या व्हायोलिनी नखरे करतात, करू देत. त्या पडल्या तर तुझ्या अंगावर पडणार आहेत. तू हललीस की सगळं कोसळलं."

"हो सिओरा. पण मग चौथा सूर तुम्ही जरासा उशिरा का घेता?"

"ती कला आहे. तुला नाही कळायची."

सांता आग्नेझेची चाकोना ऐकायला लोक लांबून नावेनं येत. चाकोना म्हणजे मोठी गंमत. तळाशी तेच आठ सूर, पुन्हा पुन्हा, साठ वेळा. वरचं सगळं दर आवर्तनाला बदलतं. हसतं, रडतं, धावतं, रेंगाळतं. खालचे आठ मात्र जागचे हलत नाहीत. आणि मेनेगीनाच्या आठांतला चौथा सूर केसभर मागे राही, दारात कुणीतरी निरोप घेताना थांबावं तसा. त्यावर रसिक जीव ओवाळून टाकत.

सणाच्या दिवशी कालव्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. सकाळच्या तालमीत विसाव्या आवर्तनाला मेनेगीनाची करंगळी आखडली आणि व्हिओलोन भसाभसा घोरल्यासारखा वाजला. व्हायोलिनी थबकल्या. कुणी हसलं नाही, हेच तिला जास्त लागलं.

"आज ओर्सोलाला वाजवू दे," अपोलोनिया हळूच म्हणाली.

"एवढी एक चाकोना. मग तुमची वही आणि तुम्ही."

"आणि मध्येच हात गेला तर? खाली तिन्ही सरकार बसणार आहेत. तुझं नाव शेवटी याच्यासाठी राहावं का?"

मेनेगीनानं व्हिओलोन जवळ ओढला. ओर्सोला म्हणाली, "मी त्यांच्या मागे उभी राहते, सिओरा अपोलोनिया. पानं उलटायला."

"आठ सुरांना कसली आलीत पानं?" मेनेगीना खेकसली. पण जा म्हणाली नाही.

दुपारी देऊळ खचाखच भरलं. चाकोना सुरू झाली. पहिली दहा आवर्तनं झकास गेली, वीस गेली. कातीनाची व्हायोलिन वर चांगली रंगात आली होती. अपोलोनिया तळाच्या सुरांवर लिहिलेले साथीचे आकडे वाचत ऑर्गनवर साथ भरत होती आणि एक डोळा मेनेगीनावर ठेवून होती. एकतिसाव्याला करंगळी गेली. तिच्या पाठोपाठ शेजारचं बोट. तार दाबायला हातात जीवच उरला नाही, आणि पुढचा सूर तर समोर येऊन उभा.

तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक हात आला. ओर्सोलाचा डावा हात. त्यानं व्हिओलोनच्या मानेवर हळूच जागा घेतली आणि तार दाबली.

मेनेगीनाचा उजवा हात गजावर होताच. तो चालत राहिला. बोटं एकीची, गज दुसरीचा. ओर्सोलाचा श्वास तिच्या कानाशी लागत होता. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याशी मेनेगीनाचा गज सवयीनं थांबला. पोरीची बोटं धडधाकट, ती वेळेवर पडणार, आणि दोघींची फारकत सगळ्यांना ऐकू जाणार!

बोट केसभर उशिरा पडलं. जिथं पडायला हवं होतं नेमकं तिथंच.

पुढची एकोणतीस आवर्तनं त्या दोघींनी तशीच वाजवली. आपण रडतोय हे मेनेगीनाला शेवटी, लाकडावर थेंब दिसले तेव्हा कळलं.

चाकोना संपल्यावर तिन्ही सरकार वर आले. मागून वही घेऊन कारकून. त्यांतले थोरले सिओर झोर्झी हातरुमालानं डोळे टिपत होते.

"कोण म्हणतं हिचे हात गेले? तो चौथा सूर! पंचेचाळीस वर्षं ऐकतोय, आज होता तसा कधीच नव्हता. वही मिटा. व्हिओलोनची मेनेगीना जिवंत आहे तोवर व्हिओलोन तिचाच."

सगळा वृंद चिडीचूप. जाळीआडची गोष्ट जाळीआड राहते, हा तिथला अलिखित नियम. तोंडातून अक्षर काढायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की नाव वाचत होतं. मेनेगीनानं ओर्सोलाकडे पाहिलं. पोरगी खाली मान घालून गजाला राळ लावत बसली होती. तीही काही बोलणार नव्हती.

"सरकार," मेनेगीना म्हणाली, "तो सूर माझा नव्हता. निम्म्या चाकोनेला बोटं हिची होती. माझी गेली."

सिओर झोर्झी तिच्याकडे बघत राहिले. त्या धिप्पाड बाईच्या जागी ही मूठभर म्हातारी बघूनच ते आधी गोंधळले होते, त्यात हे.

"पण तो चौथा सूर..."

"ती कला नाही, सरकार. बाराव्या वर्षी विहिरीचं झाकण करंगळीवर पडलं होतं. बोट वेळेवर पोचायचं नाही. एवढंच." मग ओर्सोलाकडे वळून, "आणि तुला गं काय धाड भरली होती? तुझं बोट तर धड आहे!"

"पहिल्याच वर्षी कळलं होतं मला, सिओरा. झाकणाचं. पण मला तो तसाच येतो. वेळेवर घेतला की चुकल्यासारखं वाटतं."

कारकुनानं खाकरून वही उघडली, दौतीत लेखणी बुडवली. "तर मग रीतीप्रमाणे. जुनं नाव खोडतो. व्हिओलोनची ओर्सोला."

"खोडू नका," ओर्सोला म्हणाली. "ते त्यांचंच राहू दे. ज्याच्यावर आपण घडलो त्याचं नाव लावायचं ना? मग माझं लिहा, मेनेगीनाची ओर्सोला."

"मेनेगीना हे काय वाद्य आहे?" कारकून वैतागला.

"तुम्ही तिच्या हाताखाली शिकला नाहीत, म्हणून विचारताय," अपोलोनिया म्हणाली. "लिहा मुकाट्यानं."

कारकुनानं सिओर झोर्झींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. लेखणी कुरकुरली. मग रीतीप्रमाणे त्यानं दोन्ही नावं मोठ्यानं वाचली. "व्हिओलोनची मेनेगीना. मेनेगीनाची ओर्सोला."

"ऐकू नाही आलं," मेनेगीना म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.

अख्ख्या घरात तिच्याइतका तिखट कान कुणाचा नव्हता. तिनं ओर्सोलाचा हात आपल्या वाकड्या बोटांत घट्ट धरला आणि म्हणाली, "दुसरं नाव पुन्हा एकदा. सावकाश वाचा."