आधी बटण दाबेल त्याचा ऋतू

निरीक्षकसाहेब निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना एक शाल दिली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. वजनमापे खात्यात त्यांनी उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली होती. एखाद्याचा तराजू बरोबर निघाला की त्यांना दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. निवृत्तीनंतर दुकानदार सुटले आणि घरचे सापडले.

घरात माणसं चारच. साहेब, त्यांची बायको, नवऱ्यामागे भावाकडे राहायला आलेली थोरली बहीण, आणि घरातूनच कंपनीचं काम करणारा, दोन-दोन कॉम्प्युटरांच्या मध्ये बसलेला मुलगा. घर तळमजल्यावरचं, लांबट. मधून बोळासारखा पॅसेज आणि दोन्ही अंगांना खोल्या. पश्चिमेची खोली साहेबांची, कारण तिला गॅलरी होती. दुपारी तीनपासून तिथे भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. उत्तरेची खोली बहिणीची. तिथे ऊन कधी फिरकलंच नव्हतं. "शांत आहे ना," असं म्हणून साहेबांनी ती बहिणीला दिली होती, आणि ताईंनी "आहे हो" म्हणून घेतली होती.

आता निसर्गाचा विनोद असा की ताईंना बारा महिने थंडी वाजायची आणि साहेबांच्या बायकोला पन्नाशीपासून बारा महिने उकडायचं. ताई स्वेटरवर शाल घेऊन वावरायच्या, तर बायको पदराने वारा घेत खिडक्या उघडत फिरायची. एकीने उघडलेली खिडकी दुसरी लावायची. भांडण म्हणून कधी झालं नाही. दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या की ऐकणाऱ्याला धडकी भरावी.

एका हिवाळ्यात हॉलमधला जुना गॅसचा हीटर ठसका लागल्यासारखा खोकला आणि कायमचा गप्प झाला. दुसरा हीटर आणून प्रश्न मिटला असता. पण प्रश्न मिटवायचा तर निरीक्षक कशाला व्हायचं?

"तात्पुरतं काही करायचं नाही," साहेबांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "हीट पंप बसवायचा. मल्टी-झोन. बाहेर एकच मोठं युनिट, आत प्रत्येक खोलीत एक छोटं. थंडीत गरम करतं, उन्हाळ्यात गार करतं. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा रिमोट. या घरातला खिडक्यांचा तमाशा कायमचा बंद."

"कधी बसवणार?" ताईंनी शालीतून विचारलं.

"अभ्यास झाला की."

अभ्यास सुरू झाला. शहरात असलेलं एकही शोरूम साहेबांनी सोडलं नाही. खिशातून स्वतःचा थर्मामीटर काढून ते यंत्राच्या तोंडाशी धरत. झोत कुठवर जातो ते पाहायला कागदाची पट्टी नाकासमोर धरून दुकानभर मागे मागे चालत. एकदा असेच चालत चालत एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर बसले. बाहेरच्या युनिटचा आवाज ऐकायला ते त्याला कान लावून उभे राहत, तेव्हा डॉक्टर पेशंट तपासतोय असंच वाटायचं, फक्त इथे घाम पेशंटऐवजी विक्रेत्याला फुटायचा. तोवर घरी ताई गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या. मुलाला मात्र कॉम्प्युटरांची ऊब पुरत होती.

शेवटी एका कंपनीचा विक्रेता घर पाहायला आला. गुळगुळीत दाढी केलेला, हसतमुख तरुण. साहेबांनी त्याला तांब्याच्या नळीच्या जाडीवरून झोडपलं, गॅसच्या प्रकारावरून उभा-आडवा घेतला, भिंतीला भोक कोणत्या कोनात पाडणार यावर त्याची तोंडी परीक्षा घेतली. बिचारा पास झाला. चहा झाला आणि तो सहीचा कागद पुढे करणार, तेवढ्यात बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मी एक विचारू का? समजा मला गार हवंय आणि त्याच वेळी वन्संना ऊब हवी आहे. दोन्ही एकदम चालेल ना?"

"काकू, त्यात काय आहे की..." विक्रेत्याने तोंड उघडलं.

"अगं, झोन म्हणजे काय?" साहेब मध्येच म्हणाले. "नावातच आहे ना! प्रत्येक खोली स्वतंत्र. तू तुझ्या खोलीत बर्फ पाड, ताई तिच्या खोलीत पापड वाळवेल. इतका वेळ मी काय बोलत होतो?"

विक्रेत्याने आधी साहेबांकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग परत साहेबांकडे. त्याने उघडलेलं तोंड मिटलं.

"सरांचा अभ्यास दांडगा आहे," तो म्हणाला. आणि हे काही खोटं नव्हतं.

यंत्र बसलं. मागच्या अंगणात फ्रिजएवढं पांढरं खोकं उभं राहिलं, चारही खोल्यांत भिंतीच्या वरच्या अंगाला लांबट डबे लागले. हिवाळाभर सगळं सुरळीत चाललं, कारण कडाक्याच्या थंडीत बायकोलाही थोडी ऊब चालत होती. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला घर फिरवून दाखवत. "इथे बावीस, इथे वीस, इथे अठरा," असं दर दारापाशी म्हणत. आपण लोकशाही आणली आहे अशा थाटात पॅसेजमध्ये उभे राहत.

मग हवा बदलली. सकाळी गारठा आणि दुपारी काहिली, असे दिवस आले.

एका सकाळी ताईंनी उठल्या उठल्या आपला रिमोट दाबला आणि त्यांची खोली छान उबदार झाली. दुपारी पश्चिमेची खोली तापली, तेव्हा बायकोने आपला रिमोट गारवर लावला. डब्याने टुक् केलं, हिरवा दिवा डोळे मिचकावल्यासारखा लुकलुकला आणि बाकी काही झालं नाही. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा टुक्.

साहेब धावत आले. आधी त्यांनी सेल बदलले. मग जाळी काढून धुतली. मग खुर्चीवर चढून डब्याच्या पोटात टॉर्च मारला आणि "हं" म्हणाले. या "हं"ने पूर्वी दुकानदार गारद व्हायचे, पण डब्यावर काही परिणाम झाला नाही. शेवटी कंपनीला फोन लावला. पलीकडे कंटाळलेल्या आवाजाची एक मुलगी होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळ्या घराने ऐकलं.

"सर, दुसऱ्या कुठल्या खोलीत हीटिंग चालू आहे का?"

"असेल. त्याचा काय संबंध?"

"बाहेरचं युनिट एकच आहे ना, सर. ते एका वेळी गरम तरी करेल नाहीतर गार तरी. ज्या खोलीने आधी चालू केलं, तिचं चालणार. दुसऱ्या खोल्यांनी वेगळं मागितलं तर त्यांनी थांबायचं."

"पण प्रत्येक झोन स्वतंत्र आहे!"

"तापमान स्वतंत्र आहे, सर. ऋतू एकच. दोन्ही एकदम करणारं मॉडेल वेगळं येतं. तुमचं ते नाही. आणखी काही मदत करू शकते का?"

साहेबांनी फोन ठेवला. "हे आपल्याला कोणी सांगितलं नाही," ते छताकडे बघत म्हणाले.

"सांगत होता की," बायको म्हणाली. "तुम्ही सांगू दिलं नाहीत."

त्या दिवसापासून घरात जी शर्यत लागली तिला तोड नाही. आधी बटण दाबेल त्याचा ऋतू, एवढाच कायदा. ताई डोळे उघडायच्या आधी उशीखालचा रिमोट चाचपायच्या. बायको त्यांच्या आधी उठून गारवा लावायची आणि खिडकी उघडी टाकून बागेत जायची. हे पाहून ताई आणखी लवकर उठू लागल्या. जन्मात व्यायाम न केलेल्या दोन बायका पहाटेच्या पहाटे टवटवीत होऊन एकमेकींना "झाली का झोप?" असं विचारू लागल्या. या लढाईत खरा डाव साधला तो मुलाने. त्याने एकदा गारवा लावला तो बंदच केला नाही. बटण परत दाबायची वेळच येऊ द्यायची नाही, म्हणजे हरायचा प्रश्नच नाही. तो दार लावून मीटिंगमध्ये बसायचा आणि बाहेर आत्या कुडकुडायची.

अशा वेळी चूक कबूल करून मोकळा होणारा माणूस वेगळा. साहेबांनी मुलाला गारवा बंद करायला लावला आणि नियम केले. सकाळी ऊब, दुपारी गारवा, संध्याकाळी परिस्थिती पाहून. परिस्थिती पाहणार साहेब. थर्मामीटर घेऊन ते खोल्याखोल्यांतून छापे घालू लागले. दार वाजवायचे नाहीत, कारण सूचना देऊन तपासणी करायची नसते हा खात्याचा दंडक.

"तुझ्या खोलीत चोवीस आहे, ताई. ठरलंय बावीस."

"अरे बाळू, मला सोसत नाही रे गार."

"सोसण्याचा प्रश्न नाही. शिस्तीचा प्रश्न आहे."

ताईंनी रिमोट उचलून बावीस केलं, शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. या घरात आल्यापासून त्यांनी स्वतःसाठी फारसं काही मागितलं नव्हतं. ऊब मागितली होती, तीही दर वेळी पाहुण्याने दुसऱ्यांदा चहा मागावा तशी.

साहेब गेले, पण दार उघडंच राहिलं. पॅसेजमधून जाणाऱ्या बायकोने आत पाहिलं. तिने ठरवलं असतं तर ती पुढे गेली असती, इतकी वर्षं जात होती तशी. त्या दिवशी का कोण जाणे, ती आत आली आणि पलंगाच्या कडेवर टेकली. आणि टेकताच तिला जाणवलं की अंगावरून गार वाऱ्याची झुळूक फिरावी तसं इथे छान वाटतंय. यंत्र तर ऊब देत होतं, तरीही.

"वन्सं, किती गार आहे हो तुमची खोली!"

"बर्फाची पेटी आहे," ताई भिंतीशीच म्हणाल्या.

"आणि आमची भट्टी आहे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुढचं वाक्य कोणी आधी म्हणायचं एवढाच प्रश्न होता. दोघीही इतकी वर्षं पुढचं वाक्य न म्हणण्यात तरबेज झाल्या होत्या.

"तो देईल का बदलू?" शेवटी ताईंनी विचारलं.

"त्यांना विचारायचं कशाला?" बायको म्हणाली.

साहेब त्या दुपारी शोरूममध्ये होते. विक्रेत्याला त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर फैलावर घेतलं. फसवणूक, दिशाभूल, अपुरी माहिती, सगळे ठेवणीतले शब्द बाहेर काढले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे म्हणाला, "सर, काकूंनी विचारलं होतं. मी सांगायला लागलो होतो. पण तुमच्याइतकं ठामपणे मला सांगता आलं नसतं." गिऱ्हाइकांपैकी एक जण हसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहून "हं" केलं आणि बाहेर पडले.

घरी आले तर पॅसेजमध्ये गाद्या, उशा, कपड्यांचे ढीग. मुलाला मीटिंगमधून ओढून आणलं होतं आणि तो आत्याचं कपाट ढकलत होता. पश्चिमेच्या खोलीत ताईंचा पलंग लागलाही होता आणि त्यावर त्या उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. शाल खुंटीला होती. तिच्याशिवाय त्या अर्ध्याच वाटत होत्या, पण खूश अर्ध्या.

"हे काय चाललंय? मला कोणी विचारलं?" साहेब दारात उभे राहिले.

"तुम्ही नव्हता ना घरी," बायको म्हणाली. "तुमचं सामान लावलंय मी आपल्या खोलीत. शांत आहे हो तिकडे."

"आणि गॅलरी?"

"गॅलरीत बस की," ताई म्हणाल्या. "पण येताना दार वाजवत जा रे, बाळू. आता ही माझी खोली आहे."

त्यानंतर दोघींच्या खोल्यांतले डबे बरेच दिवस बंदच होते. ताईंना उन्हाची ऊब पुरली, बायकोला उत्तरेच्या भिंती पुरल्या. मुलगा एकटाच गारवा लावतो आणि त्याच्याशी आता कोणाचं वैर नाही. दोघी नणंद-भावजया चक्क उशिरा उठतात. एकमेकींशी पूर्वीइतकं गोड बोलत नाहीत, उलट कधी कधी मनापासून भांडतात, आणि घराला ते बरं वाटतं.

प्रश्न उरला साहेबांचा. जन्मभर ते सांगत आले होते की मला कुठलंही हवामान चालतं, मी तुमच्यासारखा नाजूक नाही. उत्तरेच्या खोलीत पहिल्याच आठवड्यात त्यांना शिंका सुरू झाल्या. "धूळ आहे," ते म्हणाले. मग बनियनवर शर्ट, शर्टवर स्वेटर, पायात मोजे. "सवय म्हणून," ते म्हणाले. ऊब लावायला गेले की बायको म्हणते, "मला उकडतंय, अहो," आणि तसंही मुलाने आधी गारवा लावलेला असतो.

एका दुपारी त्यांनी पश्चिमेच्या खोलीचं दार वाजवलं.

"कोण?"

"मी. पेपर वाचायला जरा इथे बसू का? तिकडे उजेड कमी आहे."

"उजेड कमी आहे होय," ताई म्हणाल्या. "ये. आणि दार लाव मागे, ऊब जाते."

आता साहेब रोज दुपारी तिथे असतात. ताईंनी त्यांना खिडकीपाशी खुर्ची दिली आहे. बोलू मात्र देत नाहीत.