दाराजवळची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, मिटणारी लाकडी खुर्ची आहे. विद्यापीठातल्या एका मोठ्या वर्गात, शेवटच्या रांगेत, अगदी दाराला लागून माझी जागा आहे. मिटणारी म्हणजे, माझ्यावरून कुणी उठलं की माझी बैठक आपोआप वर जाते. पण गुपचूप जाईल ती मी कसली! आधी करकरते, मग धाडकन पाठीवर आपटते. भर वर्गातून पळ काढणाऱ्यांची माझ्यापुढे काही धडगत नसते.

सुरुवातीला मी एका नाट्यगृहात होते. तिथे माझी काय ऐट होती! दुसऱ्या रांगेत जागा, अंगावर मखमल. माणसं नटूनथटून यायची आणि पडदा वर गेला की तोंडातून अवाक्षर न काढता बसायची. पुढे नाट्यगृह बंद पडलं, मखमल उंदरांनी फस्त केली आणि आमची वरात इथे आली. इथे आम्हाला बोल्ट ठोकून जमिनीला जखडून टाकलं. आणि बसणारे कसे, तर एक जण धड बसेल तर शपथ. कुणी पाय हलवतो, कुणी माझ्या हातावर नाव कोरतो, कुणी चघळलेलं च्युइंग गम माझ्या पोटाखाली चिकटवतो. त्यांच्या चुळबुळीने माझेही स्क्रू ढिले झाले आणि मीही तशीच अस्वस्थ झाले.

आमचा वर्ग वर्षानुवर्षं पहिल्या वर्षाचा होता. गेल्या वर्षी मुलं फार झाली म्हणून पहिल्या वर्षाला वरच्या मजल्यावरच्या मोठ्या वर्गात हलवलं आणि इथे तिसऱ्या वर्षाचं गणित सुरू झालं. पहिल्या दिवशी तसं सर्वांना सांगितलंही. फक्त दाराबाहेरची पाटी बदलायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी धापा टाकत आली. तिची गाडी चुकली होती, म्हणून ती एक दिवस उशिरा पोचली होती. तिने पाटी वाचली, "पहिले वर्ष, गणित", आणि ती माझ्यावर येऊन बसली.

आता काय सांगू माझी तगमग! अगं बाई, हा तुझा वर्ग नाही, हे मला ठाऊक होतं, पण खुर्चीला कुठे वाचा असते? तिच्या शाळेत रोज हजेरी होत असेल, इथे सर हजेरी घेत नाहीत. ते फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "हे तुम्ही मागच्या वर्षी केलंच आहे, पुढे जाऊ." सगळे माना डोलवायचे. तीही डोलवायची. तिची वही चिन्हांनी भरत होती आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचा उजवा पाय सारखा हलत राहायचा. तो हलला की मी हलायचे.

शेजारच्या खुर्चीवर एक चष्मेवाली बसायची. तिने कधी या मुलीकडे मान वळवून पाहिलं नाही.

वर्ग सुटल्यावर मुलगी तिथेच बसून आईला फोन करायची. आई शिवणकाम करते, हे मला त्यावरूनच कळलं. एका गुरुवारी ती म्हणाली, "आई, मला नाही गं जमत."

"तुला? गणित?" आईचा आवाज मलाही ऐकू आला. "अगं, गिऱ्हाइकाचं माप सांगितलं की कापड किती लागेल ते तू खेळता खेळता सांगायचीस!"

"ते वेगळं होतं. इथे सगळ्यांना येतं, फक्त मलाच येत नाही. बाबांना सांग, शनिवारी न्यायला या."

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. "बरं बाळा," आई म्हणाली. "सांगते."

शुक्रवारी ती आली. सरांनी फळा अर्धा भरला असेल नसेल, तिने पिशवी उचलली आणि ती उठली. मी करकरले आणि धाडकन आपटले. आयुष्यात इतक्या जोरात मी कधी आपटले नसेन. सगळा वर्ग मागे वळला.

"काय गं, बरं वाटत नाहीये का?" सरांनी विचारलं.

"जाते सर मी," ती म्हणाली. "मला काहीच कळत नाही. आमच्या शाळेत हे शिकवलंच नव्हतं."

"शाळेत हे कोण शिकवणार? कितव्या वर्षाला आहेस तू?"

"पहिल्या."

वर्गात एकच हशा पिकला. सरही हसले, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी खडू खाली ठेवला. "अगं, हे तिसरं वर्ष आहे. तुमचा वर्ग वर. आणि इतके दिवस विचारलं नाहीस कुणाला?"

"सगळे माना हलवत होते, सर. मला वाटलं, विचारलं तर सगळे हसतील."

आता कुणी हसलं नाही. चष्मेवाली उठली. "माझ्याच बाजूला बसायची ही," ती पुटपुटली. तिने मुलीची पिशवी घेतली. "चल, दाखवते."

दोघी गेल्या. पुढे काय झालं? मला कोण सांगणार! शनिवार गेला, रविवार गेला. बाबा येऊन तिला घेऊन गेले की काय, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. सोमवारी सकाळी बाहेरच्या जिन्यावर चपला वाजल्या. ती चाल माझ्या ओळखीची होती. चपला वर गेल्या.

यंदा नवं वर्ष सुरू झालं, त्या सकाळी ती दारात उभी राहिली. पाटी अजून तीच आहे.

"पहिल्या वर्षाचं कुणी आहे का इथे?" तिने मोठ्याने विचारलं.

कुणी हललं नाही. ती थांबून राहिली. "हा तुमचा वर्ग नाही. मी पण बसले होते इथे, पंधरा दिवस. रडकुंडीला आले होते."

तेव्हा माझ्यावर बसलेला उंच मुलगा मान खाली घालून उठला. मग पुढच्या रांगेतून दोघी उठल्या. तिघेही तिच्यामागून जिना चढून गेले.

मित्रांनो, माझे स्क्रू आवळा, माझ्यावर नावं कोरू नका, एवढं तर मी मागणारच. पण तुमच्या शेजारी कुणी नवं येऊन बसलं, तर त्याला एवढं विचारा, "तू कुठल्या वर्गातला?" मी पंधरा दिवस तिच्या सगळ्यांत जवळ होते आणि मला ते विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.