भिंतीपलीकडचं दुकान

“बू काका, वाट चुकलात वाटतं,” हातातला सुरा न थांबवता न्हानने विचारलं.

म्हातारे बू न्हावी बुटक्या स्टुलावर टेकले. नऊ वर्षांत ते या दुकानात फिरकले नव्हते. “तिकडचं शटर खाली आहे,” शेजारी मान वळवत ते म्हणाले. “पोटाला काय, कुठलीही थीन आजी चालते.”

शेजारी शेजारी दोन दुकानं आणि दोन्हींवर एकच पाटी: ‘थीन आजींच्या रश्शातल्या शेवया’. न्हानच्या पाटीवर खाली ‘मूळ दुकान’ असं लिहिलेलं होतं. तिच्या धाकट्या भावाच्या, तोआनच्या पाटीवरही तेच होतं.

थीन त्यांची आई. ती गेल्यावर तोआन म्हणाला, पूर्वजांचा देव्हारा मुलाकडे राहतो, म्हणजे दुकानही मुलाचंच. न्हान अकराव्या वर्षापासून आईच्या हाताखाली राबलेली. त्या रामरगाड्यात लग्नही राहून गेलं होतं. “मग मी कोण होते, मोलकरीण?” एवढंच ती बोलली. आठ दिवसांत दुकानाच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. देव्हारा त्याच्या बाजूला गेला, पातेलं हिच्या बाजूला. त्यानंतर दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

पण आवाज यायचा. पहाटे पलीकडे तोआन हाडं फोडायला लागला की न्हान अंथरूण सोडायची. त्याचा खोकला, त्याचं भांड्यांवर वैतागणं, सगळं तिला पाठ होतं. आज तिला उशिरा जाग आली होती. का, ते तिला आत्ता कळलं.

तासाभरात तोआनची सगळी गिऱ्हाइकं इकडे आली. साडेआठलाच पातेल्याचा तळ दिसला. हा दिवस न्हानने नऊ वर्षं मनात घोळवला होता. पातेलं घासताना मात्र, ही गोष्ट सांगावी कुणाला, तेच तिला सुचेना.

तिसऱ्या दिवशी तोआनची मुलगी मिएन दारात उभी राहिली. ती दूर दा नांग शहरात नोकरी करायची.

“आत्या, बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. घशात गाठ आहे. कुणाला सांगू नकोस म्हणाले होते.”

“मलाही?”

“खास करून तुलाच.”

न्हानने हात पुसले. “खातो काय?”

“काही नाही. पेज दिली की तोंड फिरवतात.”

दुपारी न्हानने छोट्या भांड्यात रस्सा केला. मिरची घातली नाही. दोनदा गाळला आणि डब्यात भरून नेला.

तोआन उशीत बुडून गेल्यासारखा दिसत होता. त्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग डब्याकडे. मिएनने चमचा तोंडाशी नेला. एक घोट उतरायला बराच वेळ लागला.

“गवती चहा जास्त झालाय,” तो फाटक्या आवाजात म्हणाला.

“आई घालायची तेवढाच आहे.”

“आईपण जास्तच घालायची.”

“मग तिला सांगायचं होतंस.”

“तुला सांगतोय ना, ताई.”

त्याने डोळे मिटले. न्हान डबा गार होईपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने गवती चहाच्या दोन काड्या कमी घातल्या. तो सात चमचे प्यायला. त्यानंतर रोज सकाळी आठलाच ती दुकान आवरायची. गिऱ्हाइकं कुरकुरायची, तिने लक्ष दिलं नाही. बाराव्या दिवशी ती डबा घेऊन पोचली, तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती.

अंत्यविधी आटोपल्यावर मिएन म्हणाली, “मी काही इथे परत येणार नाही, आत्या. भिंत पाडून घे. सगळं दुकान तुझंच आहे.”

“एकटीला एवढी जागा कशाला?”

दुसऱ्या दिवशी न्हान पहाटेच जागी झाली आणि पडून राहिली. चांगलं उजाडलं, तरी तिने चूल पेटवली नाही. शटर तसंच ठेवून ती पूल ओलांडून नदीपलीकडे गेली आणि तिकडच्या एका अनोळखी दुकानात शिरली. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने परक्याच्या हातच्या शेवया कधी खाल्ल्या नव्हत्या.

“आजी, एकट्याच का?” दुकानातल्या मुलीने विचारलं.

“एकटीच.”

“कशा देऊ? तिखट, मध्यम?”

तिला कशा आवडतात, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. “दे कशाही,” ती म्हणाली.

तिने सावकाश खाल्लं, शेवटच्या घोटापर्यंत. मग सवयीने उठून वाडगा उचलला आणि कोपऱ्यातल्या नळाखाली धरला.

“आजी, राहू द्या, आम्ही धुतो ना,” मुलगी धावत आली.

“असू दे गं,” न्हान म्हणाली. तिने आपला वाडगा धुऊन पालथा ठेवला आणि शेजारी पडलेला दुसरा हातात घेतला.