सासूबाईंचा डोळा आणि कोंड्याचं पोतं

आंब्याखाली निम्मं गाव जमलं होतं, आणि त्या निम्म्या गावासमोर मक्याच्या कोंड्याने भरलेल्या पोत्यावर एक शहाणा माणूस झोकांड्या खात उभा होता. तो शहाणा म्हणजे मी, लामेक शिंपी.

"डाव्या डोळ्यावर पट्टी, पावलापुढे पाऊल," गावात चेटूक शोधायला आलेला मांत्रिक काचेपा म्हणत होता. "नजर तिकडे, मुलांजे डोंगराच्या शेंड्यावर. मी हात लावणार नाही, फुंकर मारणार नाही. अंगात कोणी चेटूक घातलं असेल तर ते आपोआप हलेल. नसेल तर तू खांबासारखा उभा राहशील."

मी खांबासारखा काही राहिलो नाही. डोंगर डावीकडे गेला, मी उजवीकडे गेलो आणि थेट आमचे मुखिया मकाता यांच्या मांडीवर जाऊन बसलो. गाव हळहळलं. काचेपाने माझ्यावर गढूळ पाणी शिंपडलं, पट्टी काढली, पुन्हा पोत्यावर चढवलं आणि गाईच्या शेपटीची चवरी माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर धरली. "आता डोंगर विसर. फक्त हिच्याकडे बघ."

मी अगदी स्थिर उभा राहिलो. बायका गाऊ लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हेही सांगून टाकतो. या चमत्काराची दक्षिणा होती एक कोंबडी. मी घरी धावलो आणि जी हाताला लागली ती आणून दिली. ती नेमकी सासूबाईंची तांबडी कोंबडी निघाली.

आमच्याकडे लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. घर, जमीन, आंबे, सगळं सासूचं. जावयाने सासूच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही आणि सासूने जावयाशी थेट बोलायचं नाही. माझ्या सासूबाई डोलोफिना ही रीत एकोणीस वर्षं पाळत होत्या. मला काही सांगायचं झालं की त्या तांबडीला सांगत. "तांबडे, काही लोकांना कौल घालता येत नाहीत आणि पाहुण्यांपुढे गप्पा मात्र मारता येतात." मी मान खाली घालून ऐकायचो.

अलीकडे त्यांचा राग फारच वाढला होता. मक्याची आंबील वाढताना निम्मी पेल्यात आणि निम्मी माझ्या विजारीवर ओतायच्या. रोज. मी बायकोला म्हणायचो, "एनिफा, तुझ्या आईला मी भाजलेला हवाय." आणि ही गोष्ट मी काचेपालाही सांगितली होती, कारण त्याच्या चाळीस डोळेपट्ट्या माझ्याच मशीनवर शिवल्या गेल्या. मशीन चाललं की माझं तोंडही चालतं. सासूबाई कोंबडीशी बोलतात हे मी त्याला रंगवून सांगितलं. तो पोट धरून हसला. आपण किती गमतीदार माणूस आहोत, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी काचेपा गावासमोर म्हणाला, "हे चेटूक पेरणारी इथेच आहे. म्हातारी आहे. पक्ष्यांशी बोलते."

सगळ्या माना आमच्या अंगणाकडे वळल्या. ही पक्ष्यांची गोष्ट त्याला मीच पुरवली होती.

सासूबाईंना पोत्यावर चढवलं. एनिफाने रडत रडत पट्टी बांधली. त्यांचा पाय टेकतो न टेकतो तोच त्या कोसळल्या. पुन्हा उभं केलं, पुन्हा कोसळल्या. इतक्या वाईट रीतीने कोणीच पडलं नव्हतं. त्या कबूल मात्र काही करेनात. "मी काही केलेलं नाही," एवढंच म्हणत राहिल्या. मुखियांनी निकाल दिला की रविवारच्या आत गाव सोडायचं. साठ वर्षं जिथे मका पेरला ती जमीन सोडायची. त्यांच्या बोचक्यामागून माझंही बोचकं निघणार, हा हिशेब मला त्याच क्षणी सुचला, याची लाज वाटते.

शुक्रवारी शाळेत डोळे तपासायला दवाखान्याच्या फालेसीबाई आल्या. महिन्यातून एकदा मोटारसायकलवर येतात. मी चष्म्यासाठी गेलो होतो, कारण एक डोळा मिटून कितीही नेम धरला तरी सुईत दोरा जाईना. त्यांनी सुई आडवी धरली. "एक डोळा झाका आणि ओवा."

दोरा सुईच्या पुढून गेला, मग मागून गेला.

"दोन्ही उघडा."

गेला की आत.

"एका डोळ्याने वस्तू दिसते, मास्तर. ती नेमकी किती लांब आहे ते दोन डोळे मिळून सांगतात. शिंपी असून हे ठाऊक नाही?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ठाऊक आहे. पण चेटकाची गोष्ट वेगळी." आणि पोतं, पट्टी, डोंगर, सगळं सांगितलं. आंबिलीचंही सांगितलं. फालेसीबाईंनी लिहिणं थांबवलं.

"आंबील पेल्याच्या बाहेर सांडते? रोज? तुम्ही त्यांच्या डोळ्यांत कधी बघितलंय?"

"सासूच्या? बाई, काहीतरीच काय बोलता."

"चला," त्या म्हणाल्या.

आंब्याखाली त्यांनी आधी काचेपालाच विनंती केली. "डॉक्टर, तुमच्या अंगात तर चेटूक नाही. चढा पोत्यावर. पट्टी बांधा, शेंड्याकडे बघा."

"मी मंतरलेल्या औषधाने भरलेला माणूस आहे, मी असा चढत नसतो," काचेपा म्हणाला.

"मग सांडणार नाही तुम्ही," मुखिया म्हणाले. माझं वजन मांडीवर झेलल्यापासून त्यांना शंका येत असावी.

काचेपा चढला. चवथ्या श्वासाला त्याची चवरी एकीकडे आणि तो एकीकडे. मग मुखिया चढले आणि पडले. मग पोतं बाजूला सारून फालेसीबाईंनी मुखियांना घट्ट जमिनीवर उभं केलं, दोन्ही डोळे उघडे, समोर हातभरावर बोट. ते हलले नाहीत.

"माणूस उभा असताना सारखा थोडा थोडा हलतो," फालेसीबाई म्हणाल्या. "जवळची वस्तू त्याबरोबर सरकलेली दिसते, आणि शरीर लगेच स्वतःला सावरतं. डोंगर इतका लांब की तुम्ही हललात तरी तो जागचा सरकत नाही. एक डोळा झाकला की अंतराचा अंदाज गेला. पायाखाली कोंडा, म्हणजे तळव्यांची खबरही गेली. मग पडणार नाही तर काय?"

"आणि म्हातारी?" मागून कोणीतरी विचारलं. "ती तर उभीच राहिली नाही."

फालेसीबाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुम्ही बघा. त्यांच्या उजव्या डोळ्यात. नीट."

एकोणीस वर्षांची रीत होती. माझी मान वर होईना. सासूबाई गर्दीच्या कडेला उभ्या होत्या, हातात बोचकं. मी पाहिलं. उजव्या डोळ्याची बाहुली दुधासारखी पांढरी होती. ज्या एका डोळ्याने त्यांना दिसत होतं, त्यावर मी शिवलेली पट्टी बांधून आम्ही त्यांना उभं केलं होतं. आणि ती आंबील माझ्यावर ओतली जात नव्हती. पेला नेमका किती लांब आहे हेच त्यांना कळत नव्हतं.

"मोतीबिंदू," फालेसीबाई म्हणाल्या. "कापून निघतो."

मी सगळ्यांदेखत रडलो. या वेळी कोणी गायलं नाही. मुखियांनी निकाल मागे घेतला. त्या गडबडीत काचेपा सायकलवर कोंबड्या लादून निघून गेला.

दोन महिन्यांनी सासूबाई जिल्ह्याच्या दवाखान्यातून परत आल्या. अंगणात बसून त्यांनी पेल्यात आंबील ओतली, काठोकाठ, एक थेंब बाहेर नाही. मग माझ्या अंगातला, मीच शिवलेला सदरा न्याहाळला. सवयीने तांबडीला शोधलं. ती काचेपाच्या पोटात जाऊन महिने झाले होते. शेवटी सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लामेक, ही बाही वाकडी आहे."

खरंच वाकडी होती.

म्हणून तुम्हाला सांगतो. कोणी डोळ्यावर पट्टी बांधून चमत्कार दाखवायला लागलं, तर आधी ती पट्टी त्याच्याच डोळ्यावर बांधून बघा. आणि ज्या म्हातारीला चेटकीण ठरवायचं आहे, तिच्या डोळ्यांत एकदा तरी बघा. मला त्याला एकोणीस वर्षं लागली.